संत्र्याच्या झाडांची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, तर काढली. आता बुरशीसाठी घरी कालवलेलं बोर्डो मारायचं की दुकानातली कॉपर ऑक्सिक्लोराइडची भुकटी?

शेंडेमर काय असते हे संत्रावाल्याला सांगायला नको. काडी शेंड्याकडून वाळत खाली येते, राखाडी-चंदेरी पडते, जवळून पाहिली तर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. बुरशी तिथेच बसलेली असते, पावसाच्या थेंबांबरोबर खालच्या फांद्यांवर उतरते. म्हणून सल काढताना बोटभर हिरवी काडीही घ्यायची आणि ढीग धुऱ्यावर न ठेवता जाळायचा. तिथे आळस केला तर कोणतंही औषध मारा, पैसे पाण्यात.

मी आधी सहा वर्षं बोर्डोच मारलं. एक टक्क्याचं: किलोभर मोरचूद (कॉपर सल्फेट), किलोभर कळीचा चुना, 100 लिटर पाणी. स्वस्त पडतं आणि एकदा पानावर बसलं की पावसालाही सहज हटत नाही. मिश्रण जमलं का ते पाहायला विळ्याचं पातं बुडवायचं, तांबूस झालं तर चुन्याची निवळी आणखी घालायची. तो आकाशी रंग जमला की बरंही वाटतं.

पण नोझल! चुना फडक्यातून दोनदा गाळला तरी बारीक खर राहतेच. चार झाडं झाली की फवारा एका बाजूला तिरपा, मग नुसती धार. पंप बंद करा, नोझल खोला, जुन्या टूथब्रशनं घासा, पुन्हा चालू. मजूर तोवर बांधावर बसून तंबाखू मळतो, रोज मात्र पूर्ण. एका वर्षी या खटाटोपात दुपार गेली, आभाळ भरून आलं आणि अर्धा ड्रम तसाच राहिला. बोर्डो त्याच दिवशी संपवावं लागतं. सकाळी पाहतो तर तळाला निळा गाळ. ओतून दिला आणि त्याच आठवड्यात दुकानातून कॉपर ऑक्सिक्लोराइड आणलं.

त्याचं सोपं आहे. 100 लिटरला 250 ते 300 ग्रॅम, आधी बादलीत पातळ कालवायचं, मग ड्रममध्ये. पाऊस आला तर उरलेली भुकटी पाकिटात राहते. खोट एकच: जोराच्या सरीनं लवकर धुऊन जातं, त्यामुळे मला पावसाळ्यात एक फवारणी जास्त धरावी लागते. तो खर्च अंगावर येतो, नाही म्हणत नाही. पण माझ्या बागेत दोन्हींत सलीचा फरक तरी मला दिसला नाही.

घरचीच माणसं असतील, चुना ताजा मिळत असेल आणि गाळायला धीर असेल, तर बोर्डो सोडा असं मी म्हणणार नाही. मजुरांवर बाग असेल तर मात्र पाकीटच घ्या.

खोडाला आणि जाड फांदीच्या कापाला मी अजून बोर्डो पेस्टच लावतो, मोरचूद-चुना किलो-किलोला 10 लिटर पाणी. तिथे ब्रश चालतो, नोझलचं काही काम नाही.