लॅपटॉप रेंगाळतोय: फॉरमॅट, एसएसडी, रॅम की नवाच घ्यायचा?

नागपूरच्या बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानात लॅपटॉप ठेवला की तक्रार पुरती ऐकायच्या आत उत्तर येतं, "फॉरमॅट मारून देतो." शेजारचा म्हणतो, "आता हा काढा, नवा घ्या." दोघांनीही तो सुरू करून पाहिलेला नसतो.

प्रोसेसर काही म्हातारा होत नाही. २०१७ साली तो जेवढ्या वेगानं आकडेमोड करायचा, तेवढ्याच वेगानं आजही करू शकतो. बदलतं ते त्याच्या भोवतालचं: ब्राउझर जड होतो, सुरू होतानाच दहा प्रोग्राम आपले आपण उठतात, डिस्क भरते, पंख्यात धूळ बसते. म्हणून खर्चाआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि आकडे पाहा.

माझ्या मावसभावाचं मानेवाड्याला झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या लॅपटॉपमध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ९ टक्के, मेमरी ६० आणि डिस्क सरळ १०० टक्के. वर्षात दोनदा फॉरमॅट मारून झालेला. दोन्ही वेळा महिनाभर बरा चालला, मग परत तेच. फॉरमॅटनं, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकल्यानं, कचरा जातो, पण मिनिटाला ५४०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क तीच राहते. तिच्यातल्या काट्याला प्रत्येक बारीक फाइलसाठी जागेवरून हलावं लागतं, त्यामुळे सेकंदाला अशी शंभरेक वाचनं झाली तरी पुष्कळ. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काही नाही, तिथे तीच वाचनं हजारोंनी होतात. पाकिटावर छापलेला सेकंदाला ५५० एमबीचा आकडा मोठी फाइल कॉपी करतानाचा. रोजचा फरक पडतो तो या बारीक वाचनांत. पूर्वी बटण दाबून भाऊ शटर वर करायचा, झाडू मारायचा, मग खुर्चीत बसायचा. एसएसडी बसवल्यापासून अगरबत्ती पेटेस्तोवर डेस्कटॉप हजर असतो. डिस्कचा आकडा सतत शंभराला टेकत असेल आणि आत हार्ड डिस्कच असेल, तर माझं मत सरळ एसएसडीला.

रॅमचं, म्हणजे टास्क मॅनेजरमधल्या मेमरीचं, गणित वेगळं. नेहमीचं काम उघडं असताना मेमरी ८५-९० टक्क्यांवर जात असेल तरच तिथे पैसे घाला. ४ जीबीवर आजचा ब्राउझर गुदमरतो, ८ वर बहुतेकांचं भागतं. फक्त तुमच्या रॅमचा प्रकार डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते आधी पाहून घ्या, दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते. तिथे विषयच संपला.

आता नागपूरची खास गोष्ट. सकाळी मशीन बरं चालतं आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत रडतं, तर दोष बहुतेक उष्णतेचा. फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. भावाच्या लॅपटॉपचा पंखा उघडला तेव्हा जाळीवर नमद्यासारखा राखाडी थर होता, चिमटीत धरून अख्खा निघाला. साफसफाई आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी नवी थर्मल पेस्ट हा सगळ्यांत स्वस्त उपाय, तोच कुणी सुचवत नाही. आणि राजेहो, खोलीतल्या कूलरच्या ओल्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नका.

फॉरमॅट वाईट नाही. व्हायरस शिरला असेल किंवा नको ते प्रोग्राम भरले असतील तर तोच करा. पण कृतिदेवसारखे जुने मराठी फॉन्ट आधी कॉपी करून ठेवा. भावाच्या लग्नपत्रिकांचे मसुदे फॉरमॅटनंतर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडले होते.

नव्याचा विचार केव्हा? विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा त्याहून जुना असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर एसएसडी घालून वेग येईल, सुरक्षा नाही. विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली शिकायची तयारी असेल तर मशीन अजून काही वर्षं खेचता येईल; नसेल तर नवा घ्या, एसएसडी असलेलाच.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. आज रात्रीच फोटो आणि हिशेब दुसरीकडे कॉपी करा, दुकानात उद्या जा.