अलिबागकडे पूलचा फिल्टर सर्विस करून घ्यायचा असेल तर

इथल्या एका पूल सर्विसवाल्यांना चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते पुढे येईलच. आमचं किहीमला छोटं घर आहे, मागे पूल, साधारण 40,000 लिटरचा, आणि आम्ही राहतो मुंबईत, म्हणजे पूलकडे बघणार कोण तर केअरटेकर दादा, जे बाग पण बघतात, कुत्रा पण बघतात आणि पूल पण. या सर्विसवाल्यांच्या आधी जे पूलवाले होते त्यांचं तंत्र एकदम सोपं, पाणी गढूळ दिसलं की तुरटी, हिरवं दिसलं की क्लोरीन, आणि रोज सकाळी बॅकवॉश (फिल्टरमधून पाणी उलटं सोडून घाण बाहेर काढणं) मारायचा. तरी पाणी काही नितळ होईना, बिल मात्र दर महिन्याला बरोब्बर यायचं.

यांचा माणूस आला तो पाण्याकडे न बघता सरळ पंपरूममध्ये. पंप बंद करायला लावला आणि प्रेशर गेज दाखवलं. काटा जागचा हललाच नाही! पंप बंद म्हणजे काटा शून्यावर यायला पाहिजे ना, म्हणजे गेज मेलेलं होतं आणि कुणाच्या लक्षातच नव्हतं. आधी नवीन गेज बसवलं (फार महाग वस्तू नाही ही) आणि मग फिल्टर उघडला. आमचा फिल्टर वाळूचा, पाणी वाळूतून गाळून जातं, पण आत वाळू कसली, ढेकळं झाली होती. आमचं बोअरचं पाणी जड आहे, क्षार धरून धरून वाळू घट्ट होते आणि पाणी मग गाळून न जाता मधल्या फटींमधून सरळ पार होतं, कितीही केमिकल ओता, काय उपयोग. एरवी वाळू 5 ते 7 वर्षं चालते म्हणतात, पण जड पाण्याला तो हिशोब लावू नका.

वाळू बदलायचं काम मी मुद्दाम उभं राहून बघितलं. 24 इंची टाकीत दीडशे किलोच्या आसपास जाते, आणि ती फिल्टरचीच सिलिका वाळू पाहिजे, एका मापाची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दाणा. (आमच्या एका शेजाऱ्यांचं म्हणणं, समोर एवढा समुद्र पडलाय, विकत कशाला. काका, नको!) ओतण्याआधी यांनी टाकीत निम्मं पाणी भरलं, कारण तळाला बारीक फटींच्या नळ्या असतात, वरून कोरडी वाळू आदळली की त्या तुटतात आणि मग वाळू पूलमध्ये यायला लागते. मधल्या पाइपच्या तोंडाला टेप लावली. हे न सांगता केलं, तिथेच मला माणूस पटला. वाळूऐवजी भरायला काचेची मीडिया पण मिळते, ती जास्त बारीक कचरा धरते, पण महाग, आणि यांनी ती गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही.

मग स्वच्छ फिल्टरचं प्रेशर किती ते टाकीवरच मार्करने लिहिलं आणि दादांना सांगितलं, याच्या वर 8 ते 10 पीएसआय (गेजवरचं प्रेशरचं माप) चढलं की बॅकवॉश, तोपर्यंत हात लावायचा नाही. मला आधी आळशीपणा वाटला, पण थोडी मळलेली वाळू उलट जास्त बारीक कचरा अडवते, रोज धुतली तर तिला ती संधीच मिळत नाही. शिवाय एका बॅकवॉशला आमच्याकडे 500 लिटर तरी पाणी जातं. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

बॅकवॉशसाठी फिल्टरच्या व्हॉल्व्हची दांडी फिरवताना पंप बंदच पाहिजे, नाहीतर आतलं गॅस्केट फाटतं आणि पाणी गुपचूप वेस्ट लाइनने (घाण पाणी बाहेर सोडायच्या पाइपने) जात राहतं. बॅकवॉश 2-3 मिनिटं, व्हॉल्व्हवरच्या छोट्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स (पाणी सरळ दिशेने, पण वेस्ट लाइनलाच), नाहीतर उरलेली घाण परत पूलमध्ये. हे सगळं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून पंपरूमच्या भिंतीला चिकटवून गेलेत, दादा खूश.

पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, आमचं जाणं कमी, आणि नेमकी तेव्हाच लाल माती, पानं, शेवाळ. यांनी तेव्हा तुरटी वापरली, पण पंप बंद ठेवून रात्रभर गाळ बसू दिला आणि सकाळी व्हॅक्यूम वेस्टवर लावून बाहेर काढला, फिल्टरमधून नेलाच नाही. आधीचे तोच गाळ फिल्टरमध्ये ओढायचे.

आता कापलेला स्टार. वेळ पाळत नाहीत म्हणजे नाहीतच, शनिवार सांगितला की मंगळवार धरा, फोन केला की "निघालोच आहे साहेब". जुन्या वाळूच्या गोण्या कंपाउंडपाशी सोडून गेले त्या अजून तिथेच आहेत. पैसे पण आजूबाजूच्यांपेक्षा थोडे जास्त.

आणि गच्चीवरच्या फुगवायच्या पूलवाल्यांनी यांना बोलावू नका, ते येत नाहीत, मी एका मित्रासाठी विचारलं होतं. त्यात कागदासारख्या घड्यांचं कार्ट्रिज असतं, ते बाहेर काढून बागेच्या पाइपने वरून खाली घड्यांमधून धुवायचं, बस. गाड्या धुवायचं प्रेशर मशीन आणि तारेचा ब्रश लांब ठेवा, घड्या फाटतात. सनस्क्रीनचा, तेलाचा चिकटा असेल तर आधी तेल काढणाऱ्या क्लीनरमध्ये भिजवा, अ‍ॅसिड आधी लावलंत तर तो चिकटा आतच बसतो. दोन कार्ट्रिज ठेवली की एक वाळेपर्यंत दुसरं चालतं.