यूडायस प्लसवरील शाळेची माहितीपत्रिका : गावच्या पालकाला कितपत उपयोगी?

देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस या पोर्टलवर ‘नो युवर स्कूल’ नावाची सेवा आहे. शाळेचा अकरा अंकी क्रमांक टाकला, किंवा राज्य, जिल्हा, तालुका असे निवडत गेले, की त्या शाळेची माहितीपत्रिका समोर येते. तिच्यासाठी लॉगिन लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. बीड जिल्ह्यातील पाटोदा आणि शिरूर कासार या तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या लहान शाळा समजून घेण्यासाठी मी ही सेवा बराच काळ वापरत आलो आहे. गावातला पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य यांना ती कितपत कामाची आहे, एवढेच मी येथे तपासले आहे.

आधी तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे. जिल्हावार शालेय माहिती गोळा करण्याची ही पद्धत १९९४-९५ पासून वाढत आली, तरी एखाद्या वस्तीवरच्या शाळेत मुली किती, शिक्षक कायम की कंत्राटी, वर्गखोल्या किती आणि त्यांतल्या धड किती, हे जाणून घ्यायला पूर्वी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात खेटे घालावे लागत किंवा माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागे. आता तेच मोबाइलवर वाचता येते. शिवाय २०२२-२३ पासून नुसती वर्गाची बेरीज न भरता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागल्याने आकड्यांवरचा विश्वास वाढला आहे. आदल्या वर्षी सुमारे २६.५ कोटी असलेला देशाचा पट त्या वर्षी सुमारे २५.२ कोटींवर आला, त्यामागे मोजण्याची बदललेली पद्धत हेही एक कारण होते.

मात्र पत्रिका वाचताना पहिली फसगत होते ती विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाच्या रकान्यात. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. अठरा पटाच्या द्विशिक्षकी शाळेत हे प्रमाण नऊ येते आणि कागदावर ती शाळा शहरातल्या महागड्या शाळेपेक्षाही सुखी दिसते. प्रत्यक्षात ते दोन शिक्षक पहिली ते चौथीचे चार वर्ग एकाच वेळी सांभाळत असतात, आणि त्यांतला एक केंद्राच्या, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की उरलेल्या एकाच्या हाती सगळी शाळा येते. २०२४-२५ मध्ये राज्यात आठ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. ‘एका शिक्षकाकडे किती इयत्ता’ असा एक साधा रकाना पत्रिकेत असता, तर ग्रामीण शाळेचे खरे ओझे लगेच दिसले असते.

सामाजिक रचनेच्या बाबतीत उणीव अधिक खोल आहे. देशभरासाठी एकच नमुना असल्याने मुलांची विभागणी सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग अशा चारच रकान्यांत होते. महाराष्ट्रातल्या विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना त्यात वेगळी जागा नाही. बीडच्या डोंगरपट्ट्यात वंजारी आणि बंजारा मुलांनी भरलेले वर्ग आहेत. ती मुले प्रामुख्याने इतर मागासवर्गाच्या बेरजेत जातात, आणि तांड्यावरची शाळा व बागायती गावातली शाळा पत्रिकेवर सारखीच दिसू शकते.

याच मुलांची घरे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, कुटुंबे उसाच्या फडावर असतात. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने काही मुले गावात थांबतात. बाकीची आई-वडिलांच्या कोयत्याबरोबर जातात, आणि मोठ्या मुलीच्या वाट्याला कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळणे येते. शिक्षकांची पदे ठरवणारी आपली संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि पत्रिकेतही वर्षाला पटाचा एकच आकडा असतो. सप्टेंबरात भरलेला वर्ग जानेवारीत निम्मा उरला, तरी तो एक आकडा ते सांगू शकत नाही. हंगामी स्थलांतर ही या तालुक्यांची सर्वांत मोठी शैक्षणिक वस्तुस्थिती आहे आणि शाळेच्या अधिकृत पत्रिकेत तिचा मागमूसही नाही, ही गोष्ट मला अतिशय अस्वस्थ करते. माझ्या मते यूडायसने ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा दोन महिन्यांची सरासरी उपस्थिती तरी छापावी.

मुले शिकतात किती, या प्रश्नावर पत्रिका गप्प आहे. नियतकालिक चाचण्यांचे गुण शिक्षक वेगळ्या यंत्रणेत भरतात. ते येथे येत नाहीत. त्यासाठी वाचकाला ‘असर’ अहवालाकडे जावे लागते. २००५ पासून ‘प्रथम’ ही संस्था ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासते. जिल्ह्यातली तीस गावे आणि प्रत्येक गावातली वीस घरे असा तिचा नमुना असतो. २०२४ च्या अहवालात देशातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हे माप मोलाचे आहे, पण त्यातून एकेका शाळेचे काहीच कळत नाही. उद्या शाळानिहाय निकाल छापले, तरी चौथीत पाचच मुले असलेल्या शाळेत एक मूल म्हणजे वीस टक्के. एक हुशार मुलगी तालुक्याच्या गावी राहायला गेली की शाळा ‘घसरली’ असे दिसेल. म्हणून लहान शाळांसाठी निदान तीन वर्षांचे एकत्रित चित्र द्यावे.

भौतिक सुविधांच्या रकान्यांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच प्रामुख्याने उत्तर असते. एका वस्तीवरच्या शाळेच्या पत्रिकेत हात धुण्याची सोय ‘आहे’ अशी होती. ओटा होता, रंगवलेला होता, चार तोट्याही होत्या. टाकीत मात्र उन्हाळ्यात पाणी नव्हते आणि मुले घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने पोषण आहाराची ताटे विसळत होती. भरलेली माहिती खोटी नव्हती, प्रश्नच अपुरा होता.

तरीही प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने ही पत्रिका उतरवून घ्यावी, असाच माझा आग्रह आहे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम तिच्याकडे आहे. जूनच्या पहिल्या बैठकीत मुख्याध्यापकांसमोर पत्रिका ठेवून एकेक रकाना शाळेच्या आवारात फिरून पडताळावा, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची नावे तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहावीत, आणि हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळीच्या तोंडावर करत न बसता त्याच बैठकीच्या ठरावात घालून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.