रिव्हेरा की हॉफमन?
बेसबॉलमध्ये शेवटच्या डावात येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरांत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांत, ही दोन नावं सगळ्यांत वर: मारियानो रिव्हेरा, ६५२ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), ट्रेव्हर हॉफमन, ६०१.

रिव्हेराचा हुकमी चेंडू एकच, कटर. डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीकडे ऐनवेळी वळायचा आणि बॅट मोडायचा. हॉफमन मूळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. खांदा दुखावून वेग गेला, तेव्हा त्यानं चेंज-अप, म्हणजे फसवा संथ चेंडू, घोटवला. हात फास्टबॉलसारखाच फिरायचा, पण चेंडू पोचेपर्यंत बॅट फिरून गेलेली असायची. ही जिद्द मला जास्त भावते.

तरी निवड रिव्हेराचीच. पोस्टसीझनमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, ४२ सेव्ह! २००१ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, त्याच्याच हातून निसटली, हे खरं. पण १९९८च्या मालिकेत दोघं आमनेसामने होते: तिसऱ्या सामन्यात रिव्हेराच्या संघातल्या ब्रोशियसनं हॉफमनला होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका) ठोकला, चौथ्यात मालिकेचा शेवटचा गडी रिव्हेरानं टिपला.