‘कॉम्प्रेसर गेलाय’ ऐकलंत, तर आधी फॅन मोड लावा

विंडो एसी खडखडू लागतो. मेकॅनिक येतो, क्षणभर कान देतो आणि सांगतो, "गॅस कमी झालाय, म्हणून कॉम्प्रेसर ओरडतोय." गॅस भरला जातो आणि आवाज खरोखर थांबतो. काही दिवसांनी तो परत सुरू होतो. मग दुसरं निदान येतं, "आता कॉम्प्रेसरच बदलावा लागेल."

मधले शांततेचे दिवस कुठून आले? गॅस भरायच्या निमित्ताने यंत्र बाहेर ओढलं, पत्र्याचे स्क्रू आवळले, पुढची ग्रिल नीट खाचेत बसवली. आवाज त्याने थांबला, बिल मात्र गॅसचं झालं. ही फसवणूक पचते ती यामुळेच.

गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. त्याची खूण म्हणजे थंडावा घटणं, कधी आतल्या कॉइलच्या एका भागावर बर्फ धरणं. पत्र्याच्या खडखडीशी त्याचा संबंध नाही. खरं काम करणारा आधी गळती शोधून बुजवतो, नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावतो आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरतो. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जोर पडतो आणि घरघर उलट वाढते. म्हणजे दुसऱ्या निदानाची सोय पहिल्याच फेरीत होते.

कोणालाही बोलावण्याआधी एसी फक्त फॅन मोडवर लावा. तेव्हा कॉम्प्रेसर बंद असतो. तरीही आवाज येत असेल, तर त्या आवाजाचा दोष कॉम्प्रेसरवर ढकलता येत नाही. विंडो एसीत साधारणपणे एकाच मोटरच्या दांड्यावर आतला ब्लोअर आणि मागचा पंखा बसवलेले असतात. ग्रिलवर तळहात दाबल्यावर खडखड थांबली, तर ग्रिलच्या खाचेत फोमची पातळ पट्टी पुरते. ठरावीक लयीत टकटक येत असेल, तर पातं कुठेतरी घासतंय किंवा पंख्याचा दांड्यावरचा स्क्रू ढिला आहे. सलग किरकिर किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर मोटरचं बुश किंवा बेअरिंग पाहायला सांगा.

आता कूल मोड लावून तापमान सर्वांत खाली न्या आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट पाहा. बंद केल्यावर लगेच लावला तर तीनेक मिनिटं लागू शकतात. आवाज तेव्हाच सुरू झाला, तरी थेट कॉम्प्रेसर बदलायची घाई नको. तांब्याच्या दोन नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला लागत असतील, तर मध्ये फोम घालून भागतं. नळी जोराने वाकवू देऊ नका, तिथेच चीर जाते आणि गॅस खरोखर जातो. कॉम्प्रेसरखालची रबरं कडक झाली की कंपन थेट तळाच्या पत्र्यात उतरतं. खिडकीची चौकट दाबल्यावर आवाज बदलला, तर दोष चौकटीतल्या फटीत आहे.

नुसता हुंकार येऊन कॉम्प्रेसर काही सेकंदांत बंद पडत असेल, तर आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला विजेचा जोर देणारा भाग, मेकॅनिककडून मीटरवर तपासून घ्या. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या (क्षमतेच्या) आकड्यापेक्षा मीटरचा आकडा बराच खाली असेल, तर तो छोटा भाग बदलून बघायचा. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते, त्यामुळे ग्रिलच्या पलीकडे स्वतः हात घालू नका.

मागून येणारी पाण्याची छपछप बहुतेक वेळा बिघाड नसते. मागच्या पंख्याच्या पात्यांभोवतीची कडी तळाच्या ट्रेमधलं पाणी उडवून मागची कॉइल गार करते. ‘आवाज घालवतो’ म्हणत ट्रेला भोक पाडणारेही आहेत. पाणी गळून जातं, आणि फुकट मिळणारा गारवाही.

‘साउंडप्रूफ किट’ म्हणून मागून गुंडाळायचं कव्हर कोणी विकलं तर घेऊ नका. बाजूच्या जाळ्यांतून हवा आत गेली नाही तर कॉइल तापते आणि कॉम्प्रेसर जास्त कण्हतो.

मोटर किंवा कॉम्प्रेसर ‘वर्कशॉपला न्यायचा’ म्हणाले, तर त्याच्या नेमप्लेटचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढा, अंगावर मार्करने खूण करा. चांगली मोटर जाऊन रीवाइंड केलेली, म्हणजे तारा नव्याने गुंडाळलेली जुनी मोटर परत येणं हा जुना खेळ आहे. भाग बदलला असेल तर जुना मागून घ्या. तो ‘भंगारात टाकला’ असं उत्तर मिळालं, तर यंत्रात बसवलेल्या भागाचा अनुक्रमांक फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका; तोच निघाला, तर भाग बदललेलाच नाही.