आयलिन डोनन की डनॉटर?

कॅलेंडरवर दिसणारा स्कॉटिश किल्ला बहुतेक वेळा आयलिन डोननच असतो. तीन लॉख (समुद्राच्या खाड्या) जिथे मिळतात, तिथल्या छोट्याशा बेटावर तो उभा आहे. बेटाला जोडणारा तो देखणा दगडी पूल मात्र विसाव्या शतकातला, आणि आजची वास्तूही जवळपास तेवढीच नवी! तेराव्या शतकातला हा किल्ला 1719 च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) उठावात ब्रिटिश युद्धनौकांनी उद्ध्वस्त केला. 1911 ते 1932 मध्ये तो पुन्हा उभारला गेला. स्काय बेटावर जाताना वाटेवरच लागतो, आतल्या खोल्याही सजवलेल्या आहेत.

पूर्व किनाऱ्यावर, स्टोनहेवनजवळचं डनॉटर म्हणजे तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कड्यावरचे किल्ल्याचे अवशेष. पायऱ्या उतरा, पुन्हा चढा. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. पण गोष्ट मात्र याच्याकडे आहे. 1651-52 मध्ये इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याच्या सैन्याचा वेढा असताना स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार इथून गुपचूप बाहेर काढून किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरली गेली. आज ती एडिनबरा किल्ल्यात आहेत.

फोटोसाठी, मुलाबाळांसह जायचं तर आयलिन डोनन. एकच बघणं शक्य असेल, तर मी डनॉटरला जाईन.