85 हजारांची सनद

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हा आमचं घर नारायण पेठेत होतं. आजोबांची लोखंडी ट्रंक त्या पाण्यात गेली. आमच्या मूळ गावच्या कुलकर्णाची सनद त्या ट्रंकेत होती, असं वडील शेवटपर्यंत सांगायचे. ती कुणी दिलेली, कोणत्या सालची, हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांना मोडी येत नव्हती.

गेल्या वर्षी जुन्या कागदपत्रांच्या एका प्रदर्शनात मी ही हकीकत शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाला सांगितली. गाव, आडनाव, वतन, घरात आता चिटोरंही शिल्लक नाही ही गोष्ट, सगळं मीच आपणहून त्याच्या हवाली केलं.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. "काका, तुमच्या गावचा एक कागद हाताला लागलाय. आधी तुम्हालाच कळवतोय." तो घरी आला. लाल रुमालात बांधलेला, घड्यांवर चिरलेला, कडेला कसर लागलेला एक लांबट कागद त्याने आईसमोर उलगडला. वरच्या बाजूला अष्टकोनी मुद्रा होती. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' एवढी अक्षरं लागली आणि माझे हात थरथरायला लागले. आईने तर कागदाला हळदकुंकू वाहिलं.

पुरात गेलेली सनद परत कशी आली, हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तयार होतं. जुन्या वतनपत्रांच्या शेवटी तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन अस्सल पत्र परत द्यावं अशी आज्ञा असते. ती पद्धत खरी आहे. ती तालीक दुसऱ्या शाखेकडे राहिली, असं तो म्हणाला. खोट्या मालाला तो असं खऱ्या माहितीचं अस्तर लावायचा.

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले नाहीत. 1983 साली जर्मनीतल्या 'स्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या म्हणून 93 लाख मार्क मोजून बनावट वह्या घेतल्या, ते प्रकरण मी वाचलेलं होतं. त्या वह्यांच्या कागदात महायुद्धानंतरच वापरात आलेलं पांढरेपणाचं रसायन सापडलं होतं. ते रसायन अतिनील प्रकाशात चमकतं. म्हणून मी मित्राच्या दुकानातल्या नोटा तपासायच्या दिव्याखाली कागदाचा कोपरा धरला. चमक आली नाही. कागद जुनाच होता, आणि तेवढ्यावर मी निर्धास्त झालो.

जुन्या चोपड्यांची, वह्यांची शेवटची पानं पुष्कळदा कोरी राहिलेली असतात. बनावट कागद करणाऱ्याला तीच हवी असतात. कागद दोनशे वर्षांचा आणि मजकूर गेल्या दिवाळीतला, असं सहज होऊ शकतं. हे मला त्या वेळी कुणी सांगायला हवं होतं.

पण माझी मोठी चूक वेगळीच होती. 'स्टर्न'च्या तज्ज्ञांनी अक्षर जुळवून डायऱ्या खऱ्या ठरवल्या होत्या. जुळवायला दिलेल्या नमुन्यांतले काही कागद कोनराड कुयाऊ या त्याच लबाडाने लिहिलेले होते. हे वाचूनही मी तेच केलं. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. दोन जणांनी मला 'महिनाभर वेळ नाही' सांगितलं. तेव्हा हा म्हणाला, "माझ्या ओळखीचे एक आहेत, करून देतील." त्यांनी 5 हजार घेऊन सुवाच्य देवनागरीत वाचन करून दिलं, खाली सही केली. ताडून बघायला त्याच कारकुनाच्या म्हणे दुसऱ्या पत्राची झेरॉक्सही दिली. अक्षर हुबेहूब जुळलं. जुळणारच होतं.

85 हजार रोख दिले. पावती मागितली तर "सरकारला कळलं तर कागद काढून घेतील" म्हणाला. प्रत्यक्षात 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचं, 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. कुणी तुमच्याकडे असा कागद घेऊन आला, तर मजकुराकडे बघण्याआधी परवाना मागा. माझ्यासारखं भारावून जाऊ नका.

आठ महिन्यांनी एका ज्येष्ठ अभ्यासकांना वेळ मिळाला. मला वाटलं ते वाचायला घेतील. त्यांनी आधी कागद खिडकीशी धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "कसरीच्या भोकाची कड बघा." एका अक्षराची रेघ भोकावरून गेली होती. शाई त्या भोकाच्या कडेत शिरून आतल्या तंतूंपर्यंत काळी झाली होती. लिहिल्यावर कसर लागली असती, तर रेघ तुटली असती आणि कड पांढुरकी राहिली असती. इथे कसर आधी लागली होती आणि लेखन नंतर झालं होतं. घड्यांच्या चिरांतही शाई तशीच पसरलेली होती.

मग त्यांनी ओळी दाखवल्या. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली बोरूने अक्षरं सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. आमच्या सनदेत प्रत्येक शब्दानंतर नीट जागा सोडलेली होती, तक्ता बघून मोडी शिकलेल्या आजच्या माणसासारखी. तारखेत सुहूर सन होता, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी संख्याशब्दांत लिहायचं वर्ष: समान सित्तैन अलफ, म्हणजे 1068. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1667 येतं. आणि त्याच पत्राच्या आरंभी राज्याभिषेक शक लिहिला होता! तो सुरू झाला 1674 च्या जूनमध्ये. त्या 'वाचकां'च्या देवनागरी प्रतीत सुहूर सनाच्या जागी नुसत्या टिंबांच्या रांगा होत्या, शेजारी 'अवाच्य' असा शेरा. मी ती प्रत शंभरदा वाचली असेन, पण तेवढी एकच जागा का अवाच्य, हा प्रश्न मला पडला नाही.

"आणि ही नक्कल असेल," ते शांतपणे म्हणाले, "तर तिच्यावर महाराजांची मुद्रा कशी?"

पोलिसांत तक्रार दिली आहे. कागद, वाचनाची प्रत, झेरॉक्स, सगळं त्यांच्याकडे जमा आहे. दोघांचेही फोन बंद आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही; कागद तपासायला दिलाय, एवढंच तिला माहीत आहे.

पंधरा दिवसांपूर्वी वाईच्या एका परिचितांनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, आनंदाने. त्यांच्या गावच्या पाटीलकीची सनद सापडली होती. वर अष्टकोनी मुद्रा, शब्दाशब्दांत तीच जागा, शेपूट खाली वळवलेला तोच 'श'. फक्त गाव वेगळं होतं. शुक्रवारी पैसे द्यायचे ठरले होते. मी गुरुवारी रात्रीच भिंग घेऊन वाईला गेलो.